मक्याच्या पोंग्यात आजच बघा, अळी बारकी आहे तोवर

ढगाळ हवा, मधेच उघडीप, मका तीन-चार आठवड्यांचा, म्हणजे लष्करी अळीला आयतंच रान. दरवेळी तेच सांगतो कारण दरवेळी तेच होतं. पानावर पांढरे पापुद्रे दिसले की 'बघू, थोडीच आहे' म्हणत आठवडा घालवायचा, मग पोंग्यातून, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून, भुशासारखी विष्ठा पडायला लागली की दुकानात पळायचं, तोवर अळी बोटाएवढी होऊन पीक खाऊन बसलेली असते. असे प्लॉट मी इतके बघितलेत की आता राग येतो.

अळीचं कातडं तिच्याबरोबर वाढत नाही, म्हणून ती कात टाकत टाकत सहा अवस्थांतून जाते. कात टाकायचा हुकूम देणारं हार्मोन म्हणजे एक्डायसोन. १९५४ मध्ये बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी ५०० किलो रेशीमकिड्याच्या कोषांतून ते काढलं तर हाती आलं फक्त २५ मिलिग्रॅम, एवढ्याशा मात्रेवर सगळा खेळ चालतो. गंमत म्हणजे हे बनवायला लागणारं कोलेस्टेरॉल अळीला मुळापासून स्वतः तयार करता येत नाही, आपल्याच पिकाच्या पानातून मिळणाऱ्या स्टेरॉलपासून ती ते बनवते. डोक्याजवळच्या ग्रंथीतून एक्डायसोन सुटतं, चरबी आणि आतड्यात त्याचं जास्त जोरकस रूप होतं, आत नवी कात तयार होते. पण खरी मेख पुढं आहे, शरीराने ते हार्मोन मोडून खाली आणलं तरच जुनी कात सुटते.

मेथॉक्सीफेनोझाइड हे कीटकनाशक नेमकी इथेच खोड काढतं. ते हार्मोनची नक्कल करतं पण लवकर मोडत नाही. अळी काही तासांत खाणं बंद करते, नवं डोकं तयार होतं आणि जुनं तोंडावर अडकून बसतं, दोन डोक्यांची अळी, उपाशीच मरते. तीन-चार दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळी हलताना दिसली म्हणून 'औषध फेल' म्हणत दुकानदार जे दुसरं महाग मिश्रण गळ्यात मारतो ना, ते घेऊ नका. आधी भिंगातून डोकं बघा. एक घोटाळा मात्र होतो, कात टाकायच्या आधी निरोगी अळीपण गप्प बसते, डोक्यामागे फिकट फुगवटा येतो. सकाळी डोक्याचं जुनं कवच टोपीसारखं गळून पडलेलं आणि नवं डोकं मऊ फिकट दिसलं तर समजा ती वाचली.

निंबोळीतलं अझाडिरॅक्टिनही हे हार्मोन बिघडवतं, पण त्याला पुढे कात टाकणं बाकी असलेली अळी लागते. शेवटच्या अवस्थेतल्या अळीने खायचं ते खाल्लेलं असतं, आता ती मातीत जाऊन कोष करणार, तिच्यावर पैसे उडवून पीक परत येत नाही.

कामं:
- एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे)
- अंडीपुंज दिसला की चुरडा
- ५ टक्के झाडांवर लक्षणं दिसली की ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम ५० मिली १० लिटरला
- १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे कीटकनाशक, ४ ग्रॅम १० लिटरला
- फवारणी संध्याकाळी, पोंग्यात

मेथॉक्सीफेनोझाइड लेबलवर तुमचं पीक असेल तरच वापरा. मावा-तुडतुड्यांवर ते काम करत नाही, कोणी 'एकात सगळं' म्हणून दिलं तरी. शेजारी तुतीची बाग असेल तर वारा त्या बाजूला असताना फवारू नका, रेशीमकिडा पण अळीच आहे, त्यालाही हेच हार्मोन लागतं.

माझा अंदाज, शास्त्र नाही, दोन दिवस पाऊस थांबून ऊन कडक पडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम बारक्या अळ्या दिसतात. त्या दिवशी सकाळी वीस झाडांचे पोंगे उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.