अमेरिकी प्रायमरीची बातमी लिहिताय? सुरुवातीच्या या चुका टाळा

३ जानेवारी २०१२ ची रात्र. आयोवा राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या कॉकससाठी, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल मत देण्याच्या स्थानिक सभांसाठी, सुमारे १ लाख २१ हजार लोक शाळांत, चर्चमध्ये, सभागृहांत जमले आणि कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या उमेदवाराचं नाव लिहून गेले. पहाटे बातमी आली : मिट रॉम्नी ८ मतांनी विजयी. दोन आठवड्यांनी तपासलेले आकडे आले, त्यात रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले आणि ८ केंद्रांचे कागद सापडलेच नाहीत. पुढे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ प्रतिनिधींपैकी २२ जणांनी मत दिलं ते रॉन पॉल यांना, म्हणजे त्या रात्री तिसऱ्या आलेल्या माणसाला.

परदेशी बातम्यांच्या डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या उपसंपादकाला मी ही रात्र आधी सांगते. आयोवात त्या रात्री मोजला गेला तो फक्त कल. प्रतिनिधी तेव्हा निवडले गेलेच नव्हते. हे एक वाक्य बातमीत असतं, तर ‘विजयी’ हा शब्द लिहिताना कुणाचाही हात थबकला असता.

देशभराच्या जनमत चाचणीला कौल समजणं

२००७ मध्ये जवळजवळ वर्षभर रिपब्लिकन पक्षाच्या देशव्यापी चाचण्यांत रुडी जुलियानी पहिले होते. पण प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याचं मतदान, देशभर एका दिवशी होत नाही. ती राज्याराज्यांतून पुढे सरकते, आणि आधीच्या राज्याचा निकाल पुढच्या राज्याचं मन बदलतो. जुलियानींनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, २९ जानेवारी २००८ ला तिथे तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. मतदानाच्या वर्षभर आधी लोक सांगतात ते बहुतेकदा ओळखीचं नाव. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावेळी न्यूयॉर्कचे महापौर असलेल्या जुलियानींचं नाव घराघरांत माहीत होतं. म्हणून चाचणीचा आकडा देताना शेजारी तीन गोष्टी द्या : किती जणांचं अजून ठरलेलं नाही, परंपरेने सुरुवातीला मतदान करणाऱ्या आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांची वेगळी चाचणी काय म्हणते, पहिल्या मतदानाला किती महिने आहेत. एवढी जागा नसेल, तर आकडाही देऊ नका.

कुणाची बातमी करायची, हे आधीच ठरवून टाकणं

ही मला सगळ्यांत गंभीर चूक वाटते, कारण ती छापून येत नाही, त्यामुळे दिसतही नाही. १३ ऑगस्ट २०११ ला आयोवातल्या एम्स गावात रिपब्लिकन पक्षाचं नमुना मतदान (स्ट्रॉ पोल) झालं. मिशेल बाकमन यांना ४,८२३ मतं, रॉन पॉल यांना ४,६७१. फरक फक्त १५२ मतांचा. त्यानंतर चर्चा झाली ती बाकमन यांची, त्याच दिवशी दुसऱ्या राज्यात उमेदवारी जाहीर करणाऱ्या रिक पेरींची आणि तिसऱ्या क्रमांकावर येऊन माघार घेणाऱ्या टिम पॉलेन्टींची. दुसरा आलेला माणूस जणू तिथे नव्हताच. जानेवारीत बाकमन सहाव्या आल्या आणि थांबल्या.

‘तो कुठे निवडून येणार आहे?’ असं डेस्कवर सहज बोललं जातं. पण बातमी नाही म्हणून नाव माहीत नाही, नाव माहीत नाही म्हणून चाचणीत टक्का नाही, टक्का नाही म्हणून वादसभेत जागा नाही आणि मग देणगीही नाही. हे चक्र आपणच फिरवत असतो. २०१५ च्या जुलैत हफिंग्टन पोस्टने डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराच्या बातम्या मनोरंजन विभागात टाकायचं ठरवलं. डिसेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. उपाय साधा आहे. एक वही ठेवा आणि दर आठवड्याला कुणाला किती मजकूर गेला ते लिहा. महिन्याने ती उघडली, की आपला कल आपल्यालाच दिसतो.

निकाल अपेक्षेच्या फुटपट्टीने मोजणं

१९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत न्यू हॅम्पशायरला एडमंड मस्की यांना ४६ टक्के, जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७ टक्के मतं पडली. मस्की शेजारच्या मेन राज्याचे, त्यांना निम्मी तरी मिळायला हवीत, असं धरलं गेलं होतं. म्हणून जिंकूनही ते पडल्यासारखे रंगवले गेले. पहिल्या परिच्छेदात मतं, टक्के आणि प्रतिनिधी एवढंच द्या. धक्का बसला की नाही, ते वाचक ठरवेल. २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. तेव्हा त्यांचे राजकीय मृत्युलेख लिहिणाऱ्यांना साउथ कॅरोलायनाच्या निकालानंतर सगळं पुसावं लागलं.

एकाच चित्रफितीवर उमेदवार उभा करणं

डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक उमेदवार हॉवर्ड डीन यांची २००४ मध्ये आयोवाच्या निकालानंतरच्या भाषणातली किंकाळी दिवसेंदिवस दाखवली गेली. हातातल्या माइकने फक्त त्यांचा आवाज उचलला होता. सभागृहातला गोंगाट गाळला गेला. आणि आयोवात ते १८ टक्क्यांवर तिसरे आले, ते किंकाळीच्या आधीच. ही चित्रफीत वापरायचीच असेल, तर या दोन्ही गोष्टी सोबत सांगा.

‘आपला माणूस’ म्हणून भारावणं

ही खास आपली चूक. कमला हॅरिस ३ डिसेंबर २०१९ ला, एकही मत पडण्याआधी, शर्यतीतून बाहेर पडल्या. विवेक रामस्वामी १५ जानेवारी २०२४ ला आयोवात चौथे आले आणि त्याच रात्री थांबले. भारतीय वंश ही माहिती एका ओळीत संपते. पण न्यू जर्सीत ग्रीन कार्डच्या रांगेत थांबलेल्या मुलाचे आईवडील पुण्यात आपलं पान वाचत असतात. एच-वन-बी व्हिसाची लॉटरी बंद करू, असं रामस्वामी २०२३ मध्ये सांगत होते. त्या घरासाठी बातमी होती ती ही.