बर्लिन सायकलवरून बघताय? गाइडच्या मागे जाताना या चुका टाळा

बर्लिन जवळजवळ सपाट आहे आणि बऱ्याच मोठ्या रस्त्यांना सायकलसाठी वेगळी पट्टी आहे. बघण्यासारखी ठिकाणं पायी जायला लांब आणि बसने जायला जवळ, अशी विखुरलेली आहेत. म्हणून गाइडबरोबर गटाने सायकलवर फिरणं या शहराला फार शोभतं. अशा सहलीत लोक अडचणीत येतात ते सायकल येत नाही म्हणून नाही. ‘पुढे गाइड आहे ना, तो बघेल’ असं धरून चालतात, तिथे गडबड होते. गाइडची पाठ तुमच्याकडे असते. तुमच्या चाकापुढचा रस्ता तुम्हालाच बघायचा आहे.

सायकल हातात आली की लगेच निघणं

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि ती टाळायला पाच मिनिटं पुरतात.

जर्मनीतल्या अनेक साध्या शहरी सायकलींना मागचा ब्रेक पायात असतो. पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला सवय असते ती चालता चालता पायडल सहज मागे फिरवायची. तसं केलंत तर सायकल जागच्या जागी अडते आणि मागचा माणूस तुमच्यावर येतो. दुसरी अडचण सिग्नलला येते. उजवं पायडल खाली राहिलं असेल, तर ते उलटं फिरवून वर आणता येत नाही. दिवा हिरवा होतो, गट निघतो आणि तुम्ही एका पायावर लंगडत सायकल ढकलत राहता. यावर उपाय सोपा आहे: थांबतानाच उजवं पायडल पुढे आणि थोडं वर येईल असं बघून थांबा. तरीही चुकलं, तर सीटखालची दांडी धरून मागचं चाक जरा उचला आणि पायडल पुढच्या दिशेने फिरवून हवं तिथे आणा.

हातातले ब्रेकही तपासा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताशी पुढचा ब्रेक असतो. तिथे दोन हातब्रेक असले, तर बहुधा उलट असतं. नुसतं विचारू नका, आवारातच हळू चालवून एकेक दाबून बघा.

सीटबद्दल संकोच नको. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. लांब पल्ल्याला उंच सीट बरी, पण इथे दर दहा मिनिटांनी थांबायचं असतं. ओढणी, स्कार्फ आणि बुटांच्या नाड्या चेनपासून लांब राहतील अशा बांधा. पर्स हँडलला लटकवू नका, वळताना ती चाकात जाते.

लहान मुलं बरोबर असतील तर नाव नोंदवतानाच सांगा. 8 वर्षांखालच्या मुलांनी स्वतःची सायकल फूटपाथवरून किंवा रस्त्यापासून पूर्ण वेगळ्या केलेल्या सायकलमार्गावरूनच चालवायची, असा तिथला नियम आहे. त्यामुळे मुलाची सीट किंवा मागे जोडायची गाडी मिळेल का, हे आधीच ठरलेलं बरं.

गट तुटू नये म्हणून लाल दिवा ओलांडणं

गाइड हिरव्यावर निघतो, पहिले सहा-सातजण निघतात आणि दिवा लाल होतो. मागच्यांच्या पोटात गोळा येतो आणि ते जोरात पायडल मारतात. जर्मनीत 15 हून जास्त सायकलस्वार एकत्र, ओळ न तोडता चालले, तर त्यांना एकच वाहन मानतात. पहिला हिरव्यावर निघाला की बाकीच्यांनी लाल झाला तरी मागोमाग जायचं असतं. ही सवलत ऐकून लोक फसतात, कारण दहा-बाराजणांच्या गटाला ती लागू नाही. तिथे प्रत्येकाने आपापला दिवा बघायचा. लाल दिवा तोडण्याचा दंड सायकलस्वारालाही 60 युरोपासून सुरू होतो आणि दिवा लाल होऊन एक सेकंदाहून जास्त झाला असेल तर 100 युरो. पण खरी भीती दंडाची नाही. आडव्या रस्त्यावरच्या गाड्यांना हिरवा मिळालेला असतो आणि त्या थांबणार नाहीत.

दिवा कुठला बघायचा, यातही गोंधळ होतो. टोपीवाला हिरवा माणूस हा पायी चालणाऱ्यांचा सिग्नल. सायकलचं चित्र असलेला वेगळा दिवा असेल तर तो तुमचा. तो नसेल तर गाड्यांचा दिवा पाळा.

ट्रॅमचे रूळ

ट्रॅम मुख्यतः पूर्वीच्या पूर्व बर्लिनमध्ये धावते, म्हणजे आलेक्झांडरप्लाट्झ आणि हाकेशर मार्क्ट या चौकांच्या आसपास रूळ हमखास लागतात. हाकेशर मार्क्टला माझं पुढचं चाक एकदा त्या खाचेत गेलं. हँडल वळवायचा प्रयत्न केला आणि ते वळलंच नाही. पुढच्या क्षणी मी कोपरावर पडलो होतो. चूक एवढीच होती की गाइड ज्या तिरक्या रेषेत गेला, तीच रेषा मी डोळे मिटून पकडली. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. त्यासाठी आधी जरा बाहेर वळसा घ्यावा लागला तर घ्या. पावसात रूळ गुळगुळीत होतात, तेव्हा त्यांच्यावर ब्रेक दाबू नका. जमत नाही असं वाटलं तर उतरून सायकल हाताने न्या, कोणी काही म्हणत नाही.

उजवी बाजू विसरणं

जर्मनीत आपल्यासारखं डावीकडून नाही, रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं असतं. सायकल चालू असताना हे सहसा कोणी विसरत नाही. थांबून, फोटो काढून पुन्हा निघताना माणूस नकळत डावीकडे जातो. तेवढ्या क्षणी मनात ‘उजवीकडे’ म्हणा. चौकात सरळ जात असाल तर उजवीकडे वळणाऱ्या ट्रककडे लक्ष द्या. हक्क तुमचा असतो, पण चालकाला तुम्ही दिसतच नाही. त्याच्या शेजारी थांबू नका, मागेच राहा.

अचानक ब्रेक आणि थांबल्यावरची गर्दी

शहराचे दोन भाग करणारी बर्लिनची भिंत जिथून जायची, तिथे मध्य बर्लिनमध्ये रस्त्यात दगडांची दुहेरी रांग बसवली आहे. मधूनमधून धातूच्या पट्टीवर 1961–1989 ही वर्षं कोरलेली आहेत. ती रांग चाकाखाली आली की अंगावर काटा येतो आणि माणूस तिथल्या तिथे ब्रेक दाबतो. मागचे तिघे एकमेकांवर आदळतात. पुढच्या सायकलपासून दोन सायकलींचं अंतर ठेवा, थांबायचं असेल तर हात वर करून ओरडा, मग थांबा. चालत्या सायकलवर हातात फोन धरला तर 55 युरो दंड आहे.

थांबल्यावर सायकलसकट पट्टीच्या बाहेर या. फूटपाथवरची लालसर फरसबंदी बहुतेक वेळा सायकलचीच वाट असते. तिथे उभं राहून गोष्ट ऐकत बसलात तर कामावर निघालेले लोक घंटी वाजवतात आणि त्यांचं बरोबर असतं.

स्मारकांत सायकल नेऊ नका. होलोकॉस्ट स्मारकात, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकात, 2,711 काँक्रीटचे ठोकळे आहेत. त्यांच्यामधून सायकल चालवणं किंवा ठोकळ्यांवर चढून उड्या मारणं तिथे चालत नाही. बेबेलप्लाट्झ या चौकात 10 मे 1933 रोजी नाझींनी पुस्तकं जाळली. तिथे जमिनीत एक काच बसवली आहे आणि खाली रिकामी पांढरी फडताळं दिसतात. सायकल बाजूला लावा, काचेपाशी वाका आणि खाली बघा. हे सायकलवर बसून दिसत नाही.

मागे राहिलात, चेन उतरली किंवा चाक बसलं

पाठलाग करू नका. वळण दिसेनासं झालं असेल तर पाठलागात माणूस भलत्याच रस्त्याला लागतो. तुम्ही सगळे शेवटचं एकत्र होतात त्या चौकाजवळ, फूटपाथवर, दिसाल असे उभे राहा. गाइड पुढच्या थांब्यावर डोकी मोजतो आणि आला त्याच रस्त्याने परत येतो. निघण्याआधी त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. चेन उतरली किंवा हवा गेली तर तशीच रेटत नेऊ नका, पुढच्या माणसाला हाक मारा, म्हणजे निरोप साखळीने गाइडपर्यंत जातो. आणि गटात चालवायला सगळ्यात कमी सरावलेला माणूस कोण आहे हे आधी ओळखून त्याला शेवटी नाही, गाइडच्या लगेच मागे ठेवा. वेग मग आपोआप त्याच्या बेताने राहतो.