चहा फाटतो, कडू होतो? या चुका टाळा

आल्याचा चहा फाटला की सगळा दोष दुधावर जातो. पुष्कळदा दूध चांगलंच असतं, क्रम चुकलेला असतो. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं, आणि साधारण ६० ते ७० अंशांना त्याचा जोर सगळ्यात जास्त. गार दुधात आलं किसून पातेलं मंद गॅसवर ठेवलं, की दूध नेमकं त्याच टप्प्यात रेंगाळतं. उकळत्या पाण्यात मात्र हे विकर निकामी होतं. म्हणून आधी आधण ठेवा, ठेचलेलं आलं त्यात दोन-तीन मिनिटं खळखळू द्या, मगच दूध घाला, तेही गरम. गवती चहा, लवंग, दालचिनीही याच आधणात. वेलची शेवटी, नाहीतर तिचा वास वाफेबरोबर निघून जातो.

गुळाच्या चहाचं उलट. गूळ उकळत्या दुधात पडला की चहा नासण्याची भीती असते. गॅस बंद करा, उकळी बसू द्या आणि मग गूळ ढवळा. त्याहून सोपं म्हणजे कपात चिरलेला गूळ ठेवून वरून चहा गाळायचा.

कडवटपणा बहुतेक वेळा पावडर फार उकळल्याने येतो. सीटीसी म्हणजे नेहमीची दाणेदार पावडर. तिचा दाणा बारीक, रंग लगेच सोडतो; दोन-तीन मिनिटं पुरतात. कडू झालेल्या चहात साखर वाढवून भागत नाही, गाळून थोडं गरम दूध घाला. विकतच्या मसाल्यात बहुधा सुंठ असतेच, तेव्हा आलं कमी करा.

आता देण्याघेण्याचं. ‘चहा घेणार का?’ असं विचारलं की पाहुणा ‘नको, आत्ताच झाला’ म्हणणारच. आपल्याकडे पहिला नकार हा संकोच असतो. आधण ठेवून ‘साखर किती?’ एवढंच विचारा. दुसऱ्यांदाही ‘नको’ आलं तर मात्र खरं माना. ऐनवेळी एक माणूस वाढलं तर गाळलेल्या चहात पाणी ओतू नका. सगळ्यांना थोडा थोडा कमी द्या. मुंबईत कटिंग कोणालाच कमीपणाचं वाटत नाही, मग घरी का वाटावं?

एक चूक मला सगळ्यांत जास्त खुपते. कामाच्या ताईंना, प्लंबरला, पार्सल आणणाऱ्या मुलाला वेगळ्या, टवका उडालेल्या कपात चहा देणं. एकेकाळी गावच्या हॉटेलांत दलितांचे कप असेच वेगळे ठेवत, आणि त्यांचे त्यांनाच विसळायला लावत. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तरी तो कप कितीतरी स्वयंपाकघरांच्या फळीवर अजून आहे. तो टाकून द्या. ट्रेमध्ये सगळे कप एकाच सेटमधले घ्या, आणि चहा हातात देण्याआधी ताईंना बसायला खुर्ची द्या.