दोन फुटी खाऱ्या टाकीत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

घरी समुद्री माशांची छोटी टाकी बसवायची तर आधी वही घ्या, मासे नंतर. छोटी टाकी म्हणजे मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच धरतोय, काठोकाठ भरली तर ७० लिटर, पण काठोकाठ कोणी भरत नाही, वर दोन बोटं जागा सोडायची, खाली वाळू, मध्ये दगड, मग खरं पाणी उरतं ५०-५५ लिटर, म्हणजे ते २० लिटरचे पाण्याचे जार येतात ना ऑफिसात, तसे अडीच. ह्या अडीच जारमध्ये समुद्र बसवायचाय हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण दुकानातल्या निळ्या लाईटखाली उभं राहिलं की माणूस हे हमखास विसरतो. त्याच्या खाली लिहा, मासे तीन. चौथा घ्यायचाच असेल तर तो अंगठ्यापेक्षा मोठा होणारा नको. बाकी सगळी यादी ह्या तीन नावांसाठी आहे.

टाकी, मीठ, पंप ह्याबद्दल फार बोलत नाही, ते सगळीकडे मिळतं वाचायला. फक्त एवढं बघा की प्राणी आणायच्या आधी टाकी महिना-दीड महिना मासे नसताना चालू पाहिजे, रोज चिमूटभर खाणं टाकून किंवा कोलंबीचा तुकडा टाकून, म्हणजे अमोनिया खाणारे आणि मग नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया दगडात बसतात, टेस्ट किटवर दोन्ही शून्य आले की मगच पुढे. पाणी आरओचं, त्यात टाक्यांसाठी मिळणारं समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, ते तरंगणारं प्लॅस्टिकचं काटेवालं घेऊ नका, माझं पहिलं चक्क खोटं बोलायचं. नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणणारच की एवढा खर्च कशाला, जुहूवरून दोन कॅन भरून आण की. नका आणू. किनाऱ्याच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते आपल्याला माहितीये आणि पावसाळ्यात त्यातलं मीठही पातळ होतं.

आता प्राणी निवडायच्या आधी स्वतःच्या घराची तपासणी, हे बरेच जण करत नाहीत. एप्रिल-मे मध्ये दुपारी घर बंद असताना टाकीतलं पाणी किती तापतं? आमच्या डोंबिवलीच्या पश्चिमेकडच्या खोलीत ३२ पर्यंत गेलं होतं आणि ह्या प्राण्यांना हवं २५ ते २७. चिलरला पैसे नसतील तर पाण्यावर छोटा पंखा लावायचा, दोन-तीन डिग्री उतरतात, पण मग पाणी रोज लिटरभर उडतं आणि मीठ काही उडत नाही, म्हणजे रोज साधं आरओ पाणी घालणारा माणूस घरात हवा, खारं नाही, साधं. आणि लाईट किती वेळ जाते? दोन तासांच्या वर जात असेल तर बॅटरीवाला एअर पंप आधी घ्या. हे दोन्ही जमणार नसेल तर कोरलचा विचार आत्ताच खोडून टाका, क्लाऊनफिश आणि गोबी हे मासे तरी बऱ्यापैकी सोसतात.

मग साईज. दुकानातली साईज नाही, पूर्ण वाढ झाल्यावरची. तो निळा टँग, पिवळ्या शेपटीचा, सगळ्या पोरांना तोच हवा असतो, दुकानात दोन इंचांचा असतो आणि वाढतो ३० सेंटिमीटरपर्यंत, आपल्या टाकीची रुंदीच ३० सेंटिमीटर आहे म्हणजे साहेबांना वळायचं कुठे. पिवळा चौकोनी बॉक्सफिश, काळ्या ठिपक्यांचा, अगदी ठोकळा, तो ४५ पर्यंत जातो आणि वर घाबरला की अंगातून विष सोडतो, त्याच्यासकट सगळी टाकी साफ होऊ शकते. लायनफिश तर शेजारच्यांना गिळणारच, त्याचे काटेही विषारी.

आणि साईजनंतर स्वभाव, इथे मी सपाटून मार खाल्लाय. पहिल्यांदा दुकानदाराने सांगितलं की टाकी सेट व्हायला आधी स्वस्तातले डॅमसेल मासे टाका, मी त्यातला डोमिनो घेतला, काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके, रुपयाच्या नाण्याएवढा, कसला गोड दिसायचा. दोन महिन्यांत त्याने पूर्ण टाकी स्वतःच्या नावावर करून घेतली, नवीन आलेल्याला कोपऱ्यात दाबून धरायचा, माझ्या हाताला पण चावायचा. पकडायला गेलो तर दगडात, शेवटी एका रविवारी सगळे दगड बाहेर काढून बादलीत ठेवले, अर्धं पाणी उपसलं, तेव्हा सापडला. त्यामुळे डॅमसेल नाही, आणि टाकी बसवायला जिवंत मासा वापरायची गरजच नाही, कोलंबीचा तुकडा तेच काम करतो. सिक्सलाईन रास ह्या माशाबद्दल पण हेच, मोठ्या टाकीत चालेल, इथे दादागिरी करतो.

बरं, घ्यायचं कोण. पहिलं नाव सगळ्यांचं तेच, क्लाऊनफिश, आणि त्यात लाजायचं काही कारण नाही, खरंच चांगला मासा आहे. फक्त जात नीट विचारा, ऑसेलॅरिस किंवा पर्क्युला, सहसा ८-९ सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. टोमॅटो, मरून, क्लार्की हे पण क्लाऊनच म्हणून मिळतात, पण ते १४ ते १७ ला जातात आणि मग परत डोमिनोचीच कथा. जोडी घेताना एक थोडा मोठा एक छोटा बघा. ह्यांच्यात सगळे आधी नर असतात, दोघांत जो मोठा आणि दांडगा तो मादी होतो, आणि मादी मेली तर उरलेला नर पुढे मादी होतो, त्यामुळे दुकानात जाऊन नर-मादी द्या म्हणालात तर दुकानदार मनातल्या मनात हसेल. दोन मोठे एकत्र टाकले तर दोघींना मालकीण व्हायचं असतं, मारामारी ठरलेली. आणि तीन कधीच नाही, तिसऱ्याचे हाल बघवत नाहीत. शक्यतो हॅचरीत वाढवलेले मागा, आपल्याकडे केरळात विझिंजमला सीएमएफआरआय ह्या केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनची पैदास कधीच जमवली आहे, आपल्या ऐरोलीला पण मँग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे, हे मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात आणि समुद्रातून पकडलेल्यांसारखे रोग सहसा घेऊन येत नाहीत.

क्लाऊन घेतला की पुढचा प्रश्न येतोच, मग अॅनिमोनी कधी? म्हणजे क्लाऊन समुद्रात ज्याच्या आत राहतो तो फुलासारखा प्राणी. पहिलं वर्ष तरी नाही. त्याला टाकी जुनी आणि स्थिर लागते, लाईट दणकून लागतो, आणि तो एका जागी बसत नाही, रात्री चालत चालत वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, जाळीत गेला की सकाळी त्याचा कीस झालेला असतो आणि त्या पाण्यात बाकी कोणी वाचत नाही. क्लाऊनला त्याची गरज पण नसते, माझी जोडी दोन वर्षं हीटरला चिकटून झोपते.

तिसरी जागा गोबीला, आणि एकच मासा बघत बसायचा असेल तर मी क्लाऊन सोडून ह्याला बघेन. पिवळा वॉचमन गोबी, १० सेंटिमीटरपर्यंत होतो, पण दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसलेला असतो त्यामुळे जागा फार व्यापत नाही. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारे निवटे ह्याचेच भाऊबंद, आईने पहिल्यांदा बघितलं आणि लगेच म्हणाली, अरे हा तर निवटा, पिवळा कसा? ह्याच्याबरोबर पिस्तूल कोळंबी घ्यायची. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, ती दिवसभर बीळ खणते, वाळू बाहेर आणून टाकते, आणि एक मिशी कायम गोबीच्या अंगाला लावून ठेवते, गोबीने शेपूट हलवली की दोघं आत. बीळ तिचं, पहारा ह्याचा. तयारी म्हणून एवढंच की वाळू दोन-तीन इंच हवी, त्यात थोडे शंख-शिंपल्यांचे तुकडे, आणि दगड वाळूवर नाही, टाकीच्या तळावर आधी टेकवून मग वाळू भरायची, नाहीतर ही बाई खालून पोखरते आणि दगड अंगावर घेते. अजून एक, पहिल्या रात्री टाकीतून टक् असा आवाज येईल, आमच्याकडे बायको काच फुटली म्हणून उठून बसली होती, ती कोळंबी असते, नांगी झटकन मिटताना पाण्यात बुडबुडा फुटतो त्याचा आवाज.

गोबी नको असेल तर फायरफिश, पण तो उडी मारणारा मासा आहे आणि झाकण लावलंय असं म्हणून चालत नाही, वायर जायला ठेवलेली दोन बोटांची फट त्याला पुरते. माझा टाकीच्या मागे सापडला, तिसऱ्या दिवशी, पार सुकट होऊन. बारीक जाळीचं झाकण करा, चारी कोपरे बघा. बांगाई कार्डिनल पण शांत मासा, नर अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो, पण एकच घ्या किंवा खात्रीची जोडी, आणि पैदास केलेलाच, कारण हा मूळचा फक्त इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा आणि टाक्यांसाठी पकडून पकडूनच तिथला कमी झालाय.

आता ज्यांना बघून जीव जळतो पण घ्यायचे नाहीत ते. मँडरिन, हिरव्या-निळ्या नक्षीचा, पैठणीचा पदर जणू. तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो, आपल्या अडीच जारमधले तो पंधरवड्यात संपवतो आणि नंतर समोर खाणं असून उपाशी मरतो. क्लीनर रास तसाच. निळा तारामासा पण नाही, तो महिनोन्‌महिने झिजत मरतो आणि आपल्याला वाटतं बरा आहे.

सफाईवाले मात्र माशांच्या आधी आणायचे. पाच-सहा ट्रोकस गोगलगाई, उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात म्हणून त्या, दोन-तीन नासारियस वाळूसाठी, बस. डझनभर आणू नका, शेवाळच नसेल तर त्या मरतात आणि अमोनिया वाढवतात. शंखातले खेकडे घेतलेत तर रिकामे शंख पण टाका, थोडे मोठे, नाहीतर घरासाठी ते गोगलगाईचा खून करतात. क्लीनर कोळंबी एक चालेल, लाल पाठीवर पांढरा पट्टा, हातावर येऊन नखं साफ करते. एकदा कोळंबी-गोगलगाय आली की टाकीत तांब्याचं औषध कधीही नाही, ती सगळी जातात.

कायद्याचं पण वहीत लिहा. समुद्रघोडे, कोरल, समुद्री काकडी हे २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली आहेत, मालवणला स्नॉर्कलिंग करताना उचललेला कोरलचा मेलेला तुकडा पण त्यात येतो, तो टाकीत सजवायचा नाही. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजी अलीची कोरल हलवायला सरकारी यंत्रणेलाही परवानगी काढावी लागली होती, आपण कोण. दगड म्हणून सिरॅमिक किंवा तयार केलेला कोरडा रॉक घ्या. इम्पोर्टेड आहे, सगळं चालतं, असं कोणी म्हणालं तर कागद मागा, नसतील तर निघा.

दुकानात जाताना वही, टॉर्च आणि भरपूर वेळ. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, पहिल्या फेरीत पैसे नेऊच नका. मासा आवडला की विचारा कधी आला, आणि आठवड्याने परत जा, तोपर्यंत जगलेला मासा अर्धी परीक्षा पास झालेला असतो. समोर खायला घालायला सांगा, खात नसेल तर कितीही सुंदर असो, नाही. पोट आत गेलेलं, कल्ले धापा टाकल्यासारखे चालतायत, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, क्लाऊनच्या अंगावर पांढरट चिकट थर, ह्यातलं एक दिसलं तर ती पूर्ण टाकीच सोडा, कारण तेच पाणी बाजूच्या सगळ्यांना लागलेलं असतं.

घरी वेगळा टब तयार हवा, २०-२५ लिटरचा, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाईपचा तुकडा, नवीन मासा आधी त्यात महिनाभर वेगळा. सगळे म्हणतात करू आणि कोणी करत नाही, मी पण पहिल्यांदा नाही केलं आणि व्हाईट स्पॉटने, म्हणजे त्या ठिपक्यांच्या रोगाने, तीन दिवसांत दोन मासे गेले. आणि क्रम, आधी गोबी किंवा फायरफिश, क्लाऊन शेवटी, कारण आधी आलेला क्लाऊन मालक होतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. कोळंबीला थेंब थेंब पाणी देत तासभर तरी, मिठातला फरक तिला सोसत नाही. त्या रात्री टाकीचा लाईट बंद.

शेवटचं पान गणपतीचं. पाच-सात दिवस गावी जायचं असतं तेव्हा चावी कोणाकडे? शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, त्या मायेने मूठभर टाकतात आणि परत येईपर्यंत पाणी दुधासारखं झालेलं असतं. औषधाच्या गोळ्यांची वारांची डबी मिळते, तिच्यात एका दिवसाआड चिमूट-चिमूट दाणे, आणि बाजूला बाटल्यांवर वार लिहून आरओचं पाणी.