सिटकॉमच्या एपिसोडवर मत कसं द्यायचं (आणि "मजा आली" एवढंच का नाही म्हणायचं)

आधी दोन वाक्यं आठवडाभर बंद करा, "भारी होता" आणि "बोर झालं". मी स्वतः कित्येक वर्षं एवढंच बोलायचो आणि मला वाटायचं की आपण अमेरिकन सिटकॉमचे एकदम जाणकार. मग एकदा जत्रेतलं नाटक बघून दुसऱ्या दिवशी सकाळी आमची फोंड्याची वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली, "तो मामा दुसऱ्या अंकात येतो ना, तो पहिल्यातच यायला हवा होता, तोपर्यंत निम्म्या खुर्च्या उठून खाजं घ्यायला गेल्या." बस, हे मत. कोण कधी आला, कुठे ढिलं पडलं आणि लोकांनी काय केलं, सगळं एका वाक्यात. सिटकॉम पण असाच बघायचा.

तर कसं करायचं. नेटवर्क म्हणजे अमेरिकेतली सीबीएस, एबीसीसारखी मोठी चॅनेलं, तिथल्या सिटकॉमला अर्ध्या तासाचा स्लॉट असतो, जाहिराती काढल्या की हातात उरतात साधारण 21-22 मिनिटं. टायटलच्या आधी एक छोटा सीन, मग जाहिरातींच्या मधले दोन-तीन अंक, आणि शेवटी अर्धा-एक मिनिटाचा शेपटासारखा एक विनोद. तुम्ही ॲपवर बिनजाहिरातीचं बघत असाल तरी पडदा सेकंदभर काळा होतो ना, तिथे ब्रेक होता असं समजा आणि स्वतःला विचारा की आता मी उठून गेलो असतो तर परत आलो असतो का? तिथे काहीच लटकत नसेल तर अंक फसला, मग विनोद कितीही चांगले असोत.

दुसरं, गोष्टी मोजा. बहुतेक एपिसोडमध्ये एक मोठी गोष्ट आणि एक-दोन छोट्या असतात. सीबीएसचं 'घोस्ट्स' घ्या, त्यात एका जुन्या घरातली मुख्य भुतं आठ आणि वर तिथे राहणारं जिवंत जोडपं, सॅम ही बायको आणि जे हा नवरा, म्हणजे दहा जण आणि 21 मिनिटं, वाटणी केली तर माणशी दोन मिनिटं पण फारशी येत नाहीत. म्हणून जेव्हा सगळ्यांना एकेक वाक्य वाटलं जातं तेव्हा एपिसोड पंगतीत वाढल्यासारखा होतो, प्रत्येकाच्या पानात चमचाभर आणि पोट कुणाचंच भरत नाही. माझं मत विचाराल तर दोन वेगळ्या शतकातली भुतं एकत्र अडकवली की हा शो सगळ्यात चांगला चालतो, हजार वर्षांपूर्वीचा वायकिंग थॉरफिन आणि बिनपँटीत मेलेला वॉल स्ट्रीटवाला ट्रेव्हर. आणि भुतं दिसतात फक्त सॅमला, जेला दिसतच नाहीत, म्हणून तिला सगळं त्याला सांगत बसावं लागतं. लेखक फॉर्मात असला की त्या सांगण्यातच विनोद होतो, नसला की आपण तेच वाक्य दोनदा ऐकतो. मी हल्ली फक्त हेच बघतो आणि एपिसोड कसा जाणार ते पाच मिनिटांत कळतं.

पण नावं ठेवताना थोडा न्याय पण करा. मूळ ब्रिटिश 'घोस्ट्स'च्या एका सीझनला साधारण सहा एपिसोड, इकडे अमेरिकेत दुसऱ्या सीझनला 22. गणपतीची चवथ होऊन माटोळी उतरली की तिकडे नवा सीझन सुरू होतो आणि आमच्याकडे लोक पावसाची वाट बघायला लागतात तेव्हा मे महिन्यात संपतो. एवढ्या लांब दौडीत चार-पाच एपिसोड भरतीचे निघणारच, रोज काय इसवण (सुरमई) मिळतं का जेवणात. तिसरा सीझन 2023 च्या लेखक आणि कलाकारांच्या संपामुळे दहाच एपिसोडचा झाला, आणि मला तरी तो घट्ट वाटला.

आता हसण्याचं. "मागून खोटं हसतात म्हणून मी बघत नाही" असं म्हणणारे प्रत्येक घरात एक असतात. आमच्याकडे माझा भाऊ. 'यंग शेल्डन', म्हणजे शेल्डन नावाच्या हुशार पोराच्या घरची गोष्ट, एका कॅमेऱ्याच्या पद्धतीचं होतं, हशा नाही, आणि त्याच्या मोठ्या भावाचं 'जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज' ऑक्टोबर 2024 मध्ये आलं ते मात्र स्टुडिओत प्रेक्षक बसवून, अनेक कॅमेऱ्यांनी. ही काय नवी खोड नाही, 'आय लव्ह लुसी'वाले 1951 पासून प्रेक्षकांसमोर तीन-तीन कॅमेरे लावून करत होते. तर अशा वेळी हसण्याकडे नाही, नटाकडे बघा. नाटकात नट लाफ्टर घेतो ना, वाक्य टाकून थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य, तेच इथे. जो थांबून रिकामा उभा राहतो तो कच्चा, जो थांबलेल्या वेळात पण काहीतरी करत असतो तो पक्का. मँडीच्या आईचे सीन या नजरेने बघा, मग बोलू. भावाला हे सांगितलं तर म्हणतो, तरी पण खोटंच. असो.

आवडलेला एपिसोड दोनदा बघा, हे मी 'यंग शेल्डन'वरून शिकलो. (शेवटचा सीझन बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा.) शेल्डनचे वडील मरणार हे 'बिग बँग थिअरी' (मोठ्या झालेल्या शेल्डनचा आधीचा शो) बघितलेल्या सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, तरी मे 2024 च्या त्या एपिसोडमध्ये घरचे फॅमिली फोटोच्या तयारीत आणि दारात बातमी येते, मी चहाचा कप हातात धरून तसाच बसलो. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा कळलं की वडील कामाला निघतात तो सीन किती साधा ठेवलाय, कुणी धड निरोप पण देत नाही. पहिल्यांदा मी त्या वेळी मोबाईल बघत होतो. म्हणजे घरच्यांसारखंच वागलो की.

'ॲबट एलिमेंटरी' हे एबीसीवरचं, एका शाळेतल्या शिक्षकांवर डॉक्युमेंटरी चाललीय अशा थाटाचं, त्यावर मत देताना तर मोबाईल लांबच ठेवा कारण तिथे निम्मा विनोद कॅमेऱ्याकडे टाकलेल्या नजरेत असतो. नेटवर्कच्या मर्यादा कळायच्या असतील तर त्यांचा जानेवारी 2025 चा 'इट्स ऑलवेज सनी' या केबलवरच्या नालायक टोळक्याच्या शोसोबतचा एपिसोड बघा आणि मग त्याच घटनांची दुसरी बाजू जी जुलैमध्ये 'सनी'वर आली ती बघा, ती माणसं एबीसीवर पाहुण्यांसारखी तोंड सांभाळून आणि केबलवर आपल्या घरी असल्यासारखी सुटलेली. माझ्या मते पहिली बाजू जास्त हुशार आहे, कारण शिव्या न देता माणूस नालायक दाखवणं अवघड.

वेळेचं पण सांगतो. 'ॲबट' बुधवारी रात्री तिकडे साडेनऊला लागलं तर थंडीच्या दिवसांत आपल्याकडे गुरुवारचे सकाळचे आठ झालेले असतात, पोदेर पाव देऊन गेलेला असतो. त्या दिवशी मत मनात ठेवा. ज्यांनी बघितलं नाही त्यांचा खेळ मोडू नका, आणि एक रात्र गेली की अर्धी मतं आपोआप गळतात, उरतं ते लिहा.

वहिनीला मी 'ॲबट'चे तीन सीझन दाखवले, पावसात, मध्ये मध्ये करंट जात होता तरी. त्यातले दोन शिक्षक, जनीन आणि ग्रेगरी, डिसेंबर 2021 पासून एकमेकांकडे बघतायत आणि जमतं मे 2024 ला. ती म्हणाली, "अडीच वर्षं? एवढ्यात आमच्याकडे लग्न होऊन पोर चालायला लागतं." मग थोडं थांबून, "पण त्यातली ती प्रिन्सिपॉल बाई नसती तर मी पहिल्याच दिवशी उठले असते."