झेनमध्ये एस्टिमचं इंजिन बसवण्याआधी

क्लब रेसिंगच्या गाडीसाठी जुन्या मारुती झेनमध्ये मारुती एस्टिमचं १३०० सीसीचं इंजिन बसवायचं म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, "एकाच घराण्याचं इंजिन आहे, बोल्ट टू बोल्ट बसते." घराणं एकच, सुझुकीच्या जी सिरीजचं, हे खरं. पण सख्ख्या भावांच्याही चपलेचं माप वेगळं असतं. झेनचं ९९३ सीसीचं इंजिन ७२ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ६१ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), एस्टिमचं १२९८ सीसीचं ७४ आणि ७५.५ चं, आणि जुन्या सेदान बलेनोचं १५९० सीसीचं ७५ आणि ९० चं. स्ट्रोक ९० वर गेला की ब्लॉकही उंच होतो, म्हणून बलेनोचं इंजिन घेण्याआधी बॉनेट बंद होईल का ते पाहा. जिप्सीचंही १३००च आहे, पण ते गाडीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, झेनचं आडवं. चेंबर (खालचं तेलाचं भांडं), ऑइल पिकअप, माउंटिंग, पाण्याच्या नळ्या सगळं त्या हिशेबाचं. स्वस्तात मिळालं तरी ते ब्लॉक आणि हेडपुरतं घ्या.

सगळ्यात आधी ज्या क्लासमध्ये उतरायचं त्याचं नियमपुस्तक वाचा. इंजिन बदलायला परवानगी आहे का, सीसीची मर्यादा काय, गिअरबॉक्स मूळचाच हवा का, हे लेखी पाहा. गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवरूनच न्यायची, हेही आधीच ठरवा. रस्त्यावर चालवायची तर इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत लागते.

भंगारातून सुटं इंजिन घेऊ नका, शक्यतो अख्खी ठोकलेली गाडीच उचला. कारण पैसा इंजिनात जात नाही, बारीकसारीक वस्तूंत जातो: गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल, क्लच केबल, सगळी वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि त्याची चावी. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असेल तर चावी, ईसीयू आणि त्याचं युनिट एकाच गाडीचं हवं. नाहीतर स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. पैसे देण्याआधी चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेजने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या खाली असेल किंवा दोन सिलिंडरमध्ये एका किलोहून जास्त फरक असेल, तर इंजिन कामाचा खर्च भावातून वजा करा.

आता खरी जागा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड. इथे घाई झाली की बाकी मेहनत पाण्यात. व्हर्नियर घेऊन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे दाते मोजा, व्यास मोजा, आणि क्लच प्लेट हाताने त्यावर सरकवून पाहा. नियम सोपा: क्लच प्लेट गिअरबॉक्सची, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलची, आणि दोघांचा व्यास जुळला पाहिजे. फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते आणि स्टार्टर एकाच जोडीतले घ्या. दोन डॉवेल पिन (जोड नेमका जागेवर धरणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का बघा. भंगारातल्या ब्लॉकमध्ये त्या बहुतेकदा नसतात, आणि बोल्टवर भरवसा ठेवून जोडलं की गिअरबॉक्स केसभर सरकतो. लक्षण उशिरा दिसतं: क्लच प्लेटचा मधला भाग तुटतो किंवा पुढचं बेअरिंग बोंबलतं. शंका असेल तर फ्लायव्हीलवर डायल गेज बांधून बेल हाउसिंगचा घेर तपासा. ०.१५ मिमीच्या आत असेल तर ठीक.

जोडताना फट राहिली तर बोल्ट आवळून ती बंद करू नका. क्लच प्लेट मधोमध असेल तर गिअरबॉक्स हाताने ढकलून बसतो. बसत नसेल तर काहीतरी आडवं आलंय. आवळाल तर हाउसिंगचा कान तुटेल. उघडलंच आहे, तर मागचं क्रँक सील, रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवे टाका.

गिअरबॉक्स कोणाचा ठेवायचा हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. एक चाक घट्ट धरा, चौथा गिअर टाका, प्लग काढा आणि दुसरं चाक २० फेरे फिरवा. एक चाक धरलं की दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून क्रँकचे फेरे मोजून १० ने भागा. आलेला आकडा हा त्या गिअरचा आणि क्राऊन-पिनियनचा (चाकांकडे जाणारी शेवटची गिअर जोडी) एकत्रित रेशो. १६५/६५ आर १३ टायरचा घेर साधारण १.७१ मीटर. रेशो ४.० असेल तर ६५०० आरपीएमला वेग ताशी सुमारे १६७ किमी, ४.५ असेल तर १४८. कोइम्बतूरजवळच्या कारीच्या २.१ किमीच्या ट्रॅकवर १६७ काय करायचे? तिथे ४.५ वालाच बरा. चेन्नईच्या लांब ट्रॅकवर हिशेब बदलतो.

ॲक्सल गाडी जॅकवर लटकलेली असताना आणि सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना, दोन्ही वेळा तपासा. आतल्या जॉइंटला दोन्ही टोकांना किमान ५ मिमी जागा उरली पाहिजे. नाहीतर खड्ड्यात जॉइंट तळाला टेकून गिअरबॉक्सचं बेअरिंग खातो. बाहेरचे दाते झेनच्या हबचे, आतले गिअरबॉक्सचे, म्हणून कधी दोन ॲक्सलचा एक करावा लागतो. वेल्ड करून नाही, जॉइंट बदलून.

माउंटिंग वेल्ड करण्याआधी रिकामा ब्लॉक आणि रिकामं गिअरबॉक्स केस टांगून मापं घ्या, कंबर वाचते. इंजिनाचा मूळ कल बदलू नका.

कार्बोरेटरवाल्या झेनमध्ये एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं) इंजिन घालताना टाकीतला पंप, हाय प्रेशर पाइप आणि रिटर्न लाइन लागते. साधा रबर पाइप तिथे आगीचं निमंत्रण. गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर विसरू नका. इंजिन ते बॉडी अर्थची जाड पट्टी हवीच. ती नसेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटर आणि क्लच केबलमधून परत जातो आणि केबल आतून वितळते.

रेडिएटर एस्टिमचा घ्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, तेव्हा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी आयडलवर उभी ठेवा. इथे टिकली तर दक्षिणेत टिकेल. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घ्या. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खाऊ शकतात.

चेन्नई किंवा कोइम्बतूर, नागपूरहून हजाराहून जास्त किलोमीटर. ट्रेलरमध्ये डावा-उजवा एकेक ॲक्सल, दोन ॲक्सल सील, क्लच प्लेट आणि केबल, रिलीज बेअरिंग, एक इंजिन माउंटिंग, बेल्ट आणि तीन लिटर गिअर ऑइल टाका. सुटी क्लच प्लेट आधी त्या शाफ्टवर बसवून पाहा, मगच पेटीत ठेवा.