टर्बो बदलल्यावर गाडी तापते? आधी हवा काढा

नवा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) बसवून तिसऱ्याच दिवशी खंबाटकी घाटात माझ्या डिझेल गाडीचा काटा लाल पट्टीला भिडला. हीटर लावला, तर वारा थंडगार. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे बहुतेक कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी किंवा आत हवा अडकलेली. टर्बोला कूलंटच्या नळ्या असतील तर बदलताना त्या सोडाव्या लागतात, हवा तिथूनच शिरते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण कृपा करून उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर उडतं. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर सगळ्यात गरमवर करा. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करून कूलंट हळूहळू ओता. बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की आवळा. इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा जाड पाइप कोमट होईपर्यंत दाबत राहा, मग झाकण लावा. खालचा पाइपही गरम झाला की थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला. सकाळी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा. माझ्या गाडीत आणखी अर्धा लिटर मावलं.

तरी पातळी उतरतेय? टर्बोच्या नळीच्या बोल्टखाली टॉर्च मारा. माझ्याकडे तिथे वाळलेला गुलाबी ओघळ होता, तांब्याचे वॉशर जुनेच लावलेले. नवे घातले, गळती थांबली. रेडिएटरच्या पंख्याचा प्लग जोडलाय का तेही बघा. बुडबुडे थांबतच नसतील तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.